परकराखालचा खिसा आणि हातशिलाईचा श्रीगणेशा

प्रश्न : अठराव्या शतकातील इंग्लंडमधील स्त्रियांचे कपडे त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे पूर्णपणे हाताने, शिवायला मला शिकायचे आहे. सध्या धावदोरा आणि हेम (कड दुमडून घातलेली शिवण) एवढेच येते, त्यामुळे थेट गाऊन हाती घेण्याचे धाडस होत नाही. टोपी, रुमाल की हातमोजे? सुरुवात कशाने करावी?

उत्तर : या तिन्ही वस्तू तूर्त बाजूला ठेवाव्यात. हातमोजे बहुधा मऊ चामड्याचे असत आणि ते शिवणे हे स्वतंत्र कसब आहे. टोपीच्या तलम कापडावरील बारीक चुण्या नवशिक्याचा अंत पाहतात. रुमालाला तर चारही बाजूंना हेम घातले की काम संपले. त्याऐवजी कमरेला बांधायचा सुटा खिसा शिवावा. त्या काळी स्त्रियांच्या गाऊनला सहसा खिसे शिवलेले नसत. फितीला जोडलेला एक खिसा किंवा खिशांची जोडी अंतर्वस्त्रांवरून कमरेला बांधली जाई, वरून परकर आणि गाऊन येई, आणि या वरच्या कपड्यांच्या बाजूंना ठेवलेल्या फटींतून हात आत घालून किल्ल्या, नाणी, कात्री, अंगुस्तान, पत्रे असा सगळा संसार त्यात ठेवला जाई. हा खिसा बाहेरून दिसत नाही, हे नवशिक्याच्या सोयीचे. पण त्याला रोज वजन पेलावे लागत असल्यामुळे कच्ची शिवण त्यात लपून राहत नाही.

आकार वर निमुळता आणि खाली रुंद, गोलसर असतो. लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, तळाची रुंदी २८ सेंटिमीटरच्या आसपास, आणि पुढच्या तुकड्यावर वरच्या बाजूपासून जवळजवळ मध्यापर्यंत उभी फट, असा बेत ठेवावा. मध्यम जाडीचे लिनन घेऊन ते कापण्यापूर्वी धुवावे आणि त्याची खळ काढावी. फट कापडाच्या उभ्या धाग्यावरच कापावी; ती तिरकी गेली तर खिशाचे तोंड ताणून लोंबू लागते.

प्रथम फटीच्या दोन्ही कडांवर अरुंद विणलेली फीत दुमडून बसवावी, कारण दोन्ही तुकडे जोडल्यावर तिथे हात नीट चालत नाही. फटीचे खालचे टोक ही खरी परीक्षा आहे. तिथे फीत वळवताना कापडाला माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जादा कड, जवळजवळ उरत नाही. म्हणून टाके अगदी जवळ घ्यावेत, फितीची जादा रुंदी सुईच्या टोकाने आत लोटून तिची लहानशी घडी करावी, आणि शेवटी टोकावर तीन-चार आडवे टाके घालून त्यांच्यावर काजटाका (काजाच्या कडेला घालतात तो गाठीचा टाका) चढवावा. हात आत-बाहेर करताना सगळा ताण याच जागी येतो आणि खिसा फाटतो तो इथूनच.

त्यानंतर पुढचा आणि मागचा तुकडा उलट्या बाजू आत येतील असे ठेवून कच्चा टाका (नंतर उसवायचा तात्पुरता टाका) घालावा. कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर धावदोरा घालत जावे आणि दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटी टीप (मागे वळून घेतलेला टाका) घ्यावी, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. मग या कडेवरही फीत चढवून ती दोन्ही बाजूंनी हेमच्या टाक्याने पक्की करावी. आज अशा जागी उरेब पट्टी (कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली पट्टी) लावण्याची सवय आहे, पण जुन्या खिशांवर बहुधा सरळ विणलेलीच फीत आढळते. तळाच्या गोलाईवर ती बसवताना अंगठ्याने थोडी थोडी ढिली सोडत न्यावी लागते, आणि माझ्या मते या खिशातून शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

दोऱ्याविषयी थोडेसे. कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा जास्त दोरा ओवू नये. तो मधमाशांच्या मेणावरून दोनदा ओढून मेण बोटांनी चेपावे, म्हणजे गुंता होत नाही. लिननचा दोरा उत्तम, सुती चालेल. टाके मात्र डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक असलेच पाहिजेत, हा समज सोडून द्यावा. त्या काळच्या शिवणाऱ्या ताणाच्या जागी आणि पुरुषांच्या लिनन सदऱ्यांत टाके बारीक घेत, तर परकराच्या लांब सरळ शिवणीत लांब धावदोऱ्यावर भागवत. सेंटिमीटरला चार टाके एकसारखे पडू लागले की पुढच्या कामाला लागावे.

प्रश्न : खिसा १७५० च्या सुमाराचा वाटावा अशी इच्छा आहे. छापील सुती कापड चालेल का? भरतकाम आवश्यक आहे का?

उत्तर : निव्वळ सुती छापील कापड या सालाला शोभणार नाही. देशी लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या हितासाठी ब्रिटनमध्ये १७२१ साली कायदा होऊन छापील सुती कापड वापरण्यावर बंदी आली, आणि तिथेच विणलेल्या सुती कापडापुरती ती १७७४ मध्ये उठली. कायदा झाला म्हणून सगळ्यांनीच तो पाळला असे नव्हे, तरीही साधे पांढरे लिनन निवडले तर कोणाला शंका काढायला जागा उरत नाही. भरतकाम हौसेचे होते, सक्तीचे नव्हते. ते करायचेच असेल तर कापडावर खिशाची बाह्यरेषा काढून, चौकटीवर ताणून, कापण्यापूर्वी पूर्ण करावे.

प्रश्न : आतल्या शिवणी मशीनवर घातल्या तर बिघडेल का?

उत्तर : नाटकासाठी घाईने हवा असेल तर खुशाल घालाव्यात. शिकण्यासाठी मात्र नको. एलियस हाऊ यांना शिवणयंत्राचे अमेरिकी पेटंट १८४६ साली मिळाले, म्हणजे आपल्या खिशाच्या काळानंतर जवळपास शंभर वर्षांनी. शिवाय फीत बोटांनी ढिली सोडत नेण्याचा सराव मशीनवर होणार नाही. काम लांबते आहे असे वाटले तर एकच खिसा करावा. जोडीच हवी असा नियम त्या काळीही नव्हता.