मंदीत फिरायला जावं का?

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही पुण्यात आयटीत आहोत. यंदा इन्क्रिमेंट नाही आणि मिस्टर बेंचवर आहेत, म्हणजे नोकरी आहे पण हातात प्रोजेक्ट नाही. श्रीलंकेला जायचं कधीपासून ठरवतोय, त्यासाठी पैसे वेगळे साठवलेत. सासूबाई म्हणतात अंथरूण पाहून पाय पसरा. मला वाटतं आत्ता नाही गेलो तर परत जमणार नाही. काय करू? (एक वाचक, वाकड)

उत्तर : आधी एक विचारते, सहा महिन्यांचा घरखर्च आणि ईएमआय बाजूला ठेवून हे पैसे उरतात का? उरत असतील तर बिनधास्त जा. पर्सनल लोन काढून किंवा कार्डावर हप्ते पाडून जायचं असेल तर मात्र सासूबाईंचं ऐका, त्यात मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

आता जा का म्हणते ते सांगते. तुम्ही नेमका श्रीलंकाच निवडलाय, आणि मंदीत प्रवासाने काय होतं हे तिथे सगळ्यात नीट दिसतं. 2022 च्या एप्रिलमध्ये त्या देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, डॉलर दोनशे श्रीलंकन रुपयांच्या आसपास होता तो दोन-तीन महिन्यांत 360 वर गेला, म्हणजे आपल्या एका रुपयाला जिथे पावणेतीन श्रीलंकन रुपये यायचे तिथे साडेचार यायला लागले. अर्थात सगळं निम्म्यात मिळायला लागलं असं नाही हं, कारण महागाईही 70 टक्क्यांच्या आसपास गेली होती, पेट्रोलला क्यूआर कोडवर रेशन होतं, तासन्‌तास लाईट नाही, तेव्हा मी कुणालाच जा म्हटलं नसतं. पण पेट्रोल आणि लाईट सुरळीत झाल्यावर, 2023 मध्ये जे गेले त्यांना चांगल्या खोल्या मिळाल्या, गर्दी कमी, आणि होमस्टेवाले जीव लावून खाऊ घालायचे कारण त्यांच्याकडे आधी कितीतरी दिवस पाहुणाच फिरकला नव्हता.

आकडेच बघा ना, 2018 मध्ये तिथे 23 लाख पर्यटक आले होते, 2022 मध्ये जेमतेम सात लाख. आणि त्या देशाला डॉलर मिळतात ते मुख्यतः कपड्यांची निर्यात, बाहेर काम करणारी माणसं घरी पाठवतात ते पैसे आणि पर्यटन यातून. डॉलर नाहीत म्हणजे गॅस नाही, औषधं नाहीत. त्यामुळे तुम्ही गॉलला खोली घेतली, टुकटुकवाल्याला दिवसभर फिरवायला सांगितलं की ते पैसे थेट तिथल्या घरांत जातात. 2023 मध्ये पर्यटक परत पंधरा लाखांच्या जवळ गेले आणि त्यात सगळ्यात जास्त आपले भारतीय होते, मला याचं खरंच खूप बरं वाटतं. थायलंडचंही तसंच, 1997 ला त्यांचं चलन बाट कोसळलं आणि सावरायला पर्यटन मोठा आधार झालं.

दुसरं म्हणजे वेळ. प्रोजेक्ट जोरात असताना दहा दिवस सलग सुट्टी कोण देतं? मिस्टर बेंचवर आहेत तर मॅनेजरला आत्ताच विचारा, पण मेल आणि फोन चालू ठेवा, मध्येच इंटरव्ह्यू आला तर ऑनलाईन देता येतो. हॉटेल फ्री कॅन्सलेशनचंच घ्या, भाडं शंभर-दोनशे जास्त पडलं तरी चालेल. आणि सासूबाईंना बजेट कागदावर लिहून दाखवा, नुसतं फिरायला जातोय म्हटलं की काळजी वाटणारच, शेवटी मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे.

प्रश्न : परदेश आम्हाला झेपणार नाही. मंदीत कोकणात होमस्टेला घासाघीस केली तर चालते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : विचारायला काहीच हरकत नाही, पण कधी ते बघा. मे महिन्यात आणि दिवाळीत नको, तेव्हाच त्यांचं वर्षाचं कमावून होतं. पावसाळ्यात किंवा सोमवार ते गुरुवार जा आणि तीन रात्री राहतो, काही कमी कराल का असं सरळ विचारा, बहुतेक जण करतात. जेवणाच्या पैशात मात्र कमी करायला सांगू नका, मासळीचा भाव त्यांच्या हातात नसतो. गाडीच्या पेट्रोलपेक्षा एसटीने जा, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना फुकट, आईवडिलांनाही घेऊन जाता येईल.