लिंबावरची अळी आणि आंब्यावरची मुंगी

प्रश्न : आमच्या सांदवाडीत (घरामागच्या वाडीत) लिंबाचे दोन वर्षांचे कलम आहे आणि शेजारी आंब्याचे झाड आहे. लिंबाची कोवळी पाने खाणाऱ्या अळ्यांचीच पुढे काळी-पिवळी फुलपाखरे होतात, असे मुलगी सांगते. आंब्यावर लाल मुंग्यांनी पानांची घरटी केली आहेत. या दोन कीटकांत काही साम्य आहे का, आणि कोणाला राहू द्यावे?
– एक वाचक भगिनी, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी आणि नंतरची हिरवी अळी एकाच फुलपाखराची असते. हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचल्यास डोक्यामागून दोन फाट्यांचे तांबूस शिंग बाहेर येते व उग्र वास सुटतो.

अंडे, अळी, कोष आणि प्रौढ कीटक या चारही अवस्था दोघांना आहेत, आणि दोघांतही रेशीम काढते ती अळीच. मात्र ते रेशीम कोणासाठी खर्ची पडते, हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालून निघून जाते आणि एकटी वाढलेली अळी कोषात जाताना आपल्या रेशमाने स्वतःलाच फांदीशी बांधून घेते. आंब्यावरच्या लाल मुंगीची, म्हणजेच विणकर मुंगीची, अळी स्वतःभोवती कोष विणतच नाही. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात व पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळी धरून तिला या कडेवरून त्या कडेवर फिरवतात आणि तिच्या धाग्याने घरटे शिवले जाते. हातमागावरचा धोटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही ये-जा लगेच ओळखू येईल.

या मुंग्या अळ्या व इतर कीटक मारून खातात, म्हणून दक्षिण चीनमधील बागायतदार 1000 वर्षांहून अधिक काळापासून त्यांची घरटी लिंबूवर्गीय झाडांवर सोडत आले आहेत. मात्र मावा व खवले किडीच्या गोड स्रावासाठी त्या या किडींचे रक्षणही करतात आणि त्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. शिवाय त्या कडकडून चावतात व जखमेवर आम्ल सोडतात, त्यामुळे घरटे वाटेवरील फांदीवर असेल तरच हलवावे.

लिंबाचे कलम लहान असल्याने त्यावरील अळ्या हाताने वेचाव्यात, फवारणीची गरज नाही. जवळ बेलाचे झाड असल्यास त्या तेथे सोडाव्यात, कारण त्यांना बेलाची पानेही चालतात. फांदीला धाग्याने बांधलेला कोष दिसला, तर तो तसाच राहू द्यावा. कोषातील जीव पाने खात नाही.