वाचक विचारतात : जीपमध्ये पेट्रोलचा वास येतो तो कुठून?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली जुनी सीजे-३बी जीप आहे. इंजिन मूळचे, पेट्रोलवर चालणारेच आहे. गेल्या वर्षभरापासून गाडीत बसले की पेट्रोलचा वास येतो. टाकी पूर्ण भरून आणली की पुढचे दोन-तीन दिवस तो असह्य होतो आणि येऊरच्या चढावर विशेष जाणवतो. टाकी अर्ध्यावर आली की कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही. पावसाळ्यात बाजूचे पडदे लावून आणि मागचा पडदा गुंडाळून लांबचा प्रवास केला की पत्नीचे डोके दुखू लागते. ओळखीच्या मिस्त्रींनी दोन वेळा कार्बोरेटरचे (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचे) किट बदलले, पण उपयोग झाला नाही. आता सोसायटीच्या पार्किंगमधील शेजारीही तक्रार करू लागले आहेत. शोध कुठून सुरू करावा?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : टाकी भरल्यावर वास वाढतो आणि ती अर्ध्यावर आल्यावर कमी होतो, हे तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे. दुसऱ्यांदा किट बदलण्यापूर्वी मिस्त्रींनी ते लक्ष देऊन ऐकले असते, तर तुमचा बराच खर्च वाचला असता. टाकीत पेट्रोल दोन लिटर असो वा काठोकाठ, कार्बोरेटरच्या वाटीतील पातळी फ्लोट (तरंगता गोळा) आणि त्याच्यामुळे उघडझाप करणारी सुई यांच्यामुळे तितकीच राहते. त्यामुळे टाकीतील पातळीबरोबर चढणारा-उतरणारा वास कार्बोरेटरचा असण्याची शक्यता फार थोडी आहे. जुन्या गाडीचे कोणतेही दुखणे कार्बोरेटरच्या माथी मारण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, एवढेच म्हणतो.

गाडीला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत, गाडीच्या तळाशी, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून तपासणी उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना आणि बॅटरीची तार काढून करावी. ती तार काढतानाही ठिणगी उडू शकते, तेव्हा सीट आधी न उचलता गाडी थोडा वेळ वाऱ्यावर उभी ठेवून मगच तार काढावी. तारेला लोंबकळणारा उघडा बल्ब वापरू नये, कारण तो पडून फुटला तर त्याची तापलेली तारच पेट्रोल पेटवील. बॅटरीवरची विजेरी घ्यावी आणि तीही दूर असतानाच सुरू करून मग जवळ आणावी. कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे, ते डिकीत किंवा घरी ठेवून उपयोगाचे नाही.

तुमच्या गाडीच्या रचनेत टाकी सीटच्या खाली, म्हणजे माणसे बसतात त्याच जागेत असते. आजच्या गाड्यांची टाकी बाहेर, तळाखाली असल्यामुळे थोडी गळती वाऱ्यावर निघून जाते. जीपमध्ये मात्र टाकीच्या माथ्यावरचा साधा ओलावाही थेट नाकापर्यंत पोहोचतो. म्हणून सीट उचलून टाकीचा माथा पाहणे हे पहिले काम. तिथे तीन जागा संशयाच्या असतात : समोरच्या पेट्रोलच्या काट्याला पातळी कळवणाऱ्या यंत्राची गोल चकती, पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी जाड रबरी नळी आणि हवा खेळती ठेवणारी बारीक नळी.

यातील गोल चकतीवर माझा संशय सर्वांत जास्त आहे. ती पाच-सहा छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्याखाली बुचाचे पॅकिंग असते. वर्षानुवर्षांत बूच वाळून आकसते, स्क्रू नावापुरते घट्ट राहतात, आणि गाडी सपाट रस्त्यावर असेपर्यंत काही कळत नाही. टाकी भरलेली असताना येऊरच्या चढावर गाडीचे नाक वर झाले की पेट्रोल मागे सरकून चकतीला टेकते आणि कडेने पाझरते. घरी परतेपर्यंत ते उडून गेलेले असते. मागे उरतो तो फक्त वास, आणि नीट पाहिले तर चकतीभोवतीच्या धुळीत एक तपकिरी, किंचित चिकट कडे. ते कडे दिसले की शोध संपलाच म्हणायचा.

ते दिसले नाही तर टाकीचा माथा कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावा, चकती आणि नळीच्या जोडांवर साध्या टाल्कम पावडरीचा पातळ थर भुरभुरवावा, सीट बसवून बॅटरी जोडावी आणि येऊरच्या चढावर एक फेरी मारून यावे. परत आल्यावर सीट लगेच उचलून पाहावी. कोरडी पावडर पांढरी राहते. पेट्रोल लागले तिथे ती बसून करडी दिसते आणि ओघळ कुठून सुटला हेही कळते. (घरात रांगोळी हाताशी असते म्हणून ती वापरण्याचा मोह होईल, पण तिची कच चकती उघडताना टाकीत पडली तर सुईला जाऊन अडकेल आणि मग मात्र कार्बोरेटर खरोखरच बिघडेल.)

भरण्याच्या तोंडाची जाड नळी वरून धडधाकट दिसते म्हणून सोडून देऊ नये. ती वाकते तिथे आतल्या बाजूला चिरा पडतात. बोटांनी दाबून वाकवली की त्या उघडतात आणि हाताला काळे लागते. तुमच्या गाडीच्या वयाकडे पाहता ती न तपासताच बदलली तरी चालेल. बदलताना इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणारी नळीच मागावी. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले, आणि जुन्या काळचे रबर व बुचाचे पॅकिंग अशा मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. तुमच्या गाडीचा वास वर्षभरात वाढण्यामागे हेही एक कारण असू शकते. दुकानात मिळणारी स्वस्त पारदर्शक नळी काही महिन्यांत कडक होऊन क्लिपपाशी तडकते, ती घेऊ नये.

वरचे सगळे कोरडे निघाले तर टाकीचा तळ उरतो. टाकी ज्या पट्ट्यांवर बसते तिथे पावसाचे पाणी आणि चिखल साचतो, आणि ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात पत्र्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडायला वेळ लागत नाही. मात्र अशी गळती टाकी अर्धी असतानाही सुरूच राहते, म्हणून तुमच्या बाबतीत मी तिला मागचा क्रमांक देतो. छिद्र सापडलेच तर रिकामी टाकी कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे नेऊन टाकू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत द्रव नसून वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. वाफेने धुऊन मग जोडकाम करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच ते काम द्यावे.

इंजिनकडची तपासणी दोन मिनिटांत होते. ऑईलची पट्टी काढून वास घ्यावा. ऑईल पातळ झालेले, पातळी खुणेच्या वर गेलेली आणि पेट्रोलचा वास असेल, तर इंधनपंपाचा डायाफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटला असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असल्यास ऑईल बदलेपर्यंत आणि पंप दुरुस्त होईपर्यंत इंजिन सुरू करू नये.

पत्नीच्या डोकेदुखीचा विचार मात्र मी वेगळा करतो, आणि तो तुम्हीही हलक्यात घेऊ नये. बाजूचे पडदे लावलेले आणि मागचा उघडा असला की धावत्या जीपच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुम्हाला जाणवतो तो पेट्रोलचा वास आणि डोके दुखवणारा वायू या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तेव्हा मागचा पडदा एकतर बंद ठेवावा, नाहीतर बाजूचेही उघडावेत. सायलेन्सरचे टोक गाडीच्या मागच्या कडेच्या बाहेर येते का, इंजिनजवळच्या जोडावर काजळीची रेघ आहे का आणि गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर व तळाच्या पत्र्यातील बुचे जागेवर आहेत का, हे पाहून घ्यावे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा गुंगी आली तर गाडी थांबवून आधी उतरावे, कारण नंतर शोधावे.

शेवटी नाकाविषयी. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याचे नाक वासाला सरावते, म्हणून दुरुस्ती झाल्यावर निकाल स्वतः न देता ज्या शेजाऱ्यांनी तक्रार केली त्यांनाच सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडून वास घ्यायला सांगावे.

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल जीपला पेट्रोलच्या टाकीचे नवे झाकण बसवल्यापासून ते उघडताना फुस्स आवाज होतो, उन्हात उभी असली की झाकणाभोवती वास येतो आणि पाम बीच रस्त्यावर वेगात असताना इंजिन दम तोडते. दहा मिनिटे थांबले की पुन्हा नीट चालते.
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : तुम्हाला बिनछिद्राचे झाकण मिळालेले दिसते. पेट्रोल वापरले जाते तितकी हवा टाकीत आली नाही तर आत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि इंजिन उपाशी राहते. उन्हात याच्या उलट होऊन वाढलेली वाफ झाकणाच्या कडेने बाहेर पडते. पुढच्या वेळी इंजिन अडखळले की गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि झाकण अर्धा फेरा सैल करून लगेच पुन्हा सुरू करून पाहावी. ती तत्काळ सुधारली तर हवेच्या छिद्राचे झाकण आणावे. आहे त्याच झाकणाला खिळ्याने भोक पाडू नये, कारण वळणावर तेथूनच पेट्रोल उसळून अंगणभर वास सुटेल.