वाचकांचे प्रश्न : श्रेणी चांगली, मग वजाबाकी का अडते?

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. प्रगतिपत्रकावर गणिताला ब-1 आहे, पण घरी हातच्याची वजाबाकी हमखास चुकते. बाईंना विचारलं की ‘छान आहे, काळजी करू नका’ एवढंच म्हणतात. शाळा काही लपवते का?
– एक आई, कोरेगाव

उत्तर : लपवालपवी असेलच असं नाही, श्रेणीची रचनाच तशी आहे. तिसरी-चौथीला 100 पैकी 60 गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, स्वाध्याय, उपक्रम, छोट्या चाचण्या यांचे असतात. उरलेले 40 संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. समजा तिला 60 पैकी 52 आणि 40 पैकी 20 मिळाले. बेरीज 72, आणि 71 ते 80 म्हणजे ब-1. सत्र परीक्षेत निम्मेच गुण पडलेत, हे त्या श्रेणीत कुठेच दिसत नाही.

म्हणून श्रेणीवरून वाद घालू नका. दोन्ही गुण वेगवेगळे विचारा आणि तपासलेली उत्तरपत्रिका मागून घेऊन तिथंच बसून पाहा. 403 मधून 158 वजा करून तिनं 355 लिहिलं असेल, तर ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते आहे, मग तो वरचा असो की खालचा. 345 लिहिलं असेल, तर दुखणं वेगळं : शतक सुटं केलं, पण वरच्या 4 चे 3 करायला विसरली. पहिल्या चुकीला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतात, दुसरीला खाडाखोड करून नवा अंक वर लिहायची सवय पुरते. नुसते पाढे घोकून यातलं काहीच सुधारत नाही. बरोबर उत्तर 245.

शिक्षकांच्या नोंदवहीत वर्णनात्मक नोंदीही असतात. ‘सुधारणा आवश्यक’ खाली काय लिहिलंय ते विचारा. ‘सराव हवा’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. ‘शून्य असलेल्या संख्येची वजाबाकी चुकते’ ही कामाची. आणि संकोच अजिबात नको. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 24 नुसार शिक्षकांचं कर्तव्यच आहे.

प्रश्न : मुलगा-सून गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात असतात, नातू आमच्याकडे शिकतो. शाळा म्हणते, आई-वडिलांनाच भेटू. उलट अख्ख्या वर्गाचे गुण मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात.
– एक आजोबा, विटा

उत्तर : मूल ज्याच्या सांभाळात आहे, तोही शिक्षण हक्क कायद्यात पालकच. तुमच्या मुलाकडून ‘माझ्या गैरहजेरीत आजोबांना माहिती द्यावी’ असं दोन ओळींचं सहीचं पत्र मागवून मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे घोळ राहणार नाही.

ग्रुपवरचे गुण ही मोकळेपणाची खूण नव्हे. मागे पडलेलं पोर गावभर होतं आणि त्याला नेमकं काय येत नाही, हे कळतच नाही. नातवाचे गुण तुम्हाला स्वतंत्र पाठवावेत, असं मुख्याध्यापकांना सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. ऐकलं नाही, तर हा विषय तिथं मांडा. हे अनेक घरांना सतावतं, बोलायला मात्र कुणी तरी पुढं व्हावं लागतं.

प्रश्न : आठवीपर्यंत नापास करतच नाहीत, मग पत्रक बघून उपयोग काय?
– एक वडील, जत

उत्तर : आता तसं राहिलेलं नाही. 2019 मध्ये केंद्राचा कायदा बदलला आणि राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही गेली, तर त्याच वर्गात बसावं लागतं. शाळेतून मात्र काढता येत नाही.

पाचवीच्या मुलाची उत्तरपत्रिका एप्रिलमध्ये पाहून काही हाती लागत नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागला की दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात जा. कच्चा विषय, जादा तासिका कधी आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून घ्या. टाळाटाळ झाली, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. त्यानंतर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. पोच हातात नसेल, तर तिथं पहिला प्रश्न ‘शाळेत विचारलं होतं का?’ हाच येतो.