हिल आधी, गाऊन नंतर

सौंदर्यस्पर्धांचा मोसम जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कोणती क्रीम लावू, हे विचारणारी पत्रं कमी होतात आणि मंचावर नेमकं काय चुकतं, हे विचारणारी वाढतात. यंदाची चार पत्रं इथे घेतली आहेत.

मी मराठी माध्यमातून शिकले, वय २०. राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत निवड झाली आहे. प्रश्नोत्तरांच्या फेरीची धास्ती वाटते. इंटरनेटवरून इंग्रजी उत्तरं पाठ करते आहे, चाळीसेक झाली. पुरतील का? (सांगली)

चाळीस काय, चारशे पाठ केलीस तरी पुरणार नाहीत. पाठ केलेल्या उत्तराची गंमत अशी, की प्रश्न थोडा तिरका आला तरी तोंडातून तेच बाहेर पडतं. २००० सालच्या मिस वर्ल्डमध्ये प्रियांका चोप्राला विचारलं होतं, आज हयात असलेली सर्वांत यशस्वी स्त्री तुझ्या मते कोण? ती म्हणाली, मदर तेरेसा. त्यांचं निधन १९९७ मध्येच झालं होतं. प्रियांका जिंकली हे खरं, पण ही चूक आजही लोक काढतात. ‘हयात’ हा एक शब्द निसटला, एवढंच. म्हणून पहिली सवय ही: प्रश्न ऐकताना त्यातला अडवणारा शब्द पकडायचा. आज, पहिली, एकच, तुमच्या शहरात, असले शब्द.

आता वेळेचा हिशेब. बहुतेक ठिकाणी ३० सेकंद मिळतात. शांतपणे बोललं तर तेवढ्यात मराठीत ५० ते ६० शब्द बसतात, इंग्रजीत ६५ ते ७५. म्हणजे चार-पाच वाक्यं. पहिल्याच वाक्यात उत्तर, मग एक कारण, मग डोळ्यांनी पाहिलेलं एक उदाहरण, त्याने काय बदलेल ते एका वाक्यात, आणि गप्प. ‘खूप छान प्रश्न विचारलात’ म्हणण्यात दोन-अडीच सेकंद जातात आणि परीक्षकांना ते शेकडो वेळा ऐकून झालेलं असतं.

समज, प्रश्न आला: मुलींच्या शिक्षणासाठी काय कराल? ‘शिक्षण ही काळाची गरज आहे’ हे उत्तर कुणाच्याही लक्षात राहत नाही. हे बघ: ‘मी आधी एसटीची वेळ बदलून घेईन. गावाकडच्या बऱ्याच मुली दहावीनंतर घरी बसतात, त्याचं कारण अभ्यास नसतो. कॉलेज साडेपाचला सुटतं आणि गावाची शेवटची गाडी पाचला गेलेली असते. ती गाडी तासभर उशिरा सुटली, तर कित्येक मुली बारावीपर्यंत पोचतील.’ छत्तीसच शब्द, आणि बोलणारी कुठून आली आहे ते दिसतं.

उदाहरणानंतरचा ‘म्हणून’ मात्र सोडू नकोस. १९९२ च्या मिस युनिव्हर्समध्ये भारताच्या मधू सप्रेला विचारलं, देशाची सूत्रं हाती आली तर पहिल्यांदा काय करशील? मोठं क्रीडासंकुल बांधेन, असं ती म्हणाली आणि ती तिसरी आली. ती स्वतः खेळाडू, उत्तर मनापासूनचंच होतं. आमच्या मते त्यात खोट नव्हती, जोड कमी पडली: मैदानाने कुणाचं काय बदलतं, हे एक वाक्य हवं होतं.

इंग्रजीचं म्हणशील, तर २०१० ची मिस युनिव्हर्स, मेक्सिकोची शिमेना नवारेते, स्पॅनिशमध्ये बोलली आणि जिंकली. तिथे दुभाषी मिळतो. तुझ्या स्पर्धेत हिंदी किंवा मराठी चालते का, हे आयोजकांना ई-मेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. रोज वर्तमानपत्रातल्या तीन बातम्यांवर मोबाइलमध्ये स्वतःला रेकॉर्ड कर, आधी मराठीत, मग दुसऱ्या भाषेत. ऐकताना ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ किती वेळा आलं ते मोज.

मुलीची स्पर्धा महिन्यावर आली आहे. पाच इंची हिलवर चालताना तिचे गुडघे वाकलेले राहतात आणि गाऊन पायात येतो. शिंप्याने गाऊन दोनदा आखूड केला, तरी तेच. (नाशिक)

ताई, शिंप्याला थोडे दिवस थांबवा. गाऊनची लांबी ठरते ती हिलवर. प्रत्येक फिटिंगला मुलीने मंचावर घालायचीच हिल घालून उभं राहायचं, नुसत्या पायांनी किंवा घरच्या चपलांवर नाही. पुढचा घेर जमिनीपासून दीड-दोन सेंटिमीटर वर, मागचा टेकलेला चालेल. दोनदा आखूड झाला आहे तर आत दुमड किती शिल्लक आहे ते बघा. ती कापली नसेल तर उसवून परत सोडता येते. चालताना गाऊन हाताने उचलायचा नाही. पुढचा घेर पायाच्या बोटांनी किंचित पुढे ढकलत पाऊल टाकायचं. घेराच्या कडेला आतून कडक नेटची पट्टी लावली की कापड पायात गुंडाळत नाही.

आता गुडघे. हिल घोट्याला झेपत नसली की शरीर पुढे कलतं आणि तोल सावरायला गुडघे वाकतात. पहिला आठवडा तीन इंची हिल, रोज वीस मिनिटं. मग चार, मग पाच. पाच इंचांवर दहा दिवस चालूनही गुडघा सरळ होत नसेल तर चारवरच थांबा. चार इंचांवरची सरळ चाल पाच इंचांवरच्या लटपटीपेक्षा केव्हाही बरी दिसते. रोज भिंतीला हात लावून टाचा उचलण्याचे पंधरा-पंधराचे तीन फेरे घ्यायला लावा, पोटऱ्या तयार होतात.

चपला संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नव्या तळव्यावर पॉलिश पेपर घासा. गुळगुळीत तळवा हे रॅम्पवर पडण्याचं एक नेहमीचं कारण असतं. आणि ओळीत उभं असताना गुडघे मागे ताठ आवळून धरायचे नाहीत. रक्त पायात साठतं आणि दिव्यांच्या उष्णतेत मुली चक्कर येऊन पडतात. गुडघे जरा सैल, गाऊनच्या आत पायाची बोटं हलती.

गाऊन जागेवर राहण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरणार असाल, तर त्या जागी लोशन, तेल, पावडर काही नको. घाम आला की टेप सुटते. प्रियांकाचीच टेप मिस वर्ल्डच्या रात्री सुटली होती, आणि तिचे ते जोडलेले हात नमस्कारापेक्षा गाऊन धरून ठेवायला होते, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. आतून दोन टाके घाला, टेप फक्त मदतीला.

महागडा गाऊन नाही म्हणून खट्टू होऊ नका. १९९४ च्या मिस इंडियाला सुश्मिता सेनचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनीनगरमधून आणलेल्या कापडाचा होता, शिवला परकर शिवणाऱ्याने, आणि हातमोजे केले होते नव्या पायमोज्यांचे.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात फेशियल आणि तीन किलो वजन कमी करणं, दोन्ही जमेल का? (नागपूर)

नाही. फेशियल किंवा पील (त्वचेचा वरचा थर काढणारा उपचार) किमान दहा दिवस आधी, वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी, आणि नवीन काहीही त्या आठवड्यात नाही. आठवड्याला अर्धा किलो घटणं ठीक. तीन किलो घटले तर त्यात बरंचसं पाणी असतं. पाणी तोडून मंचावर गेलेली मुलगी तिसऱ्या फेरीपर्यंत निस्तेज दिसते. केसांना मात्र आदल्या दिवशी तेल नको. मुकुटाच्या कडा आकड्यांनी धरतात, निसरड्या केसांत ते टिकत नाहीत.

वय ३८, दोन मुलं. एका ‘मिसेस’ स्पर्धेत निवड झाल्याचा फोन आला, दीड लाख भरायला सांगतात. या वयात जावं का? (पुणे)

वयाची अडचण नाही. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रियांना आणि आयांना प्रवेश दिला, २०२४ पासून वयाची वरची अटही काढली. त्याच वर्षी अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स प्रांताचा किताब ६० वर्षांच्या आलेहांद्रा रोद्रिगेस यांनी जिंकला. २००१ च्या मिसेस वर्ल्ड अदिती गोवित्रीकर पनवेलच्या, आणि डॉक्टर.

अडचण दीड लाखांची आहे. शुल्क घेणं गैर नाही, पण फॉर्म भरण्याआधीच ‘निवड’ होत असेल तर तो निव्वळ धंदा. पैसे देण्याआधी लेखी मागा: शुल्कात राहणं, मेकअप, फोटो, कपडे यांपैकी काय आहे, माघार घेतल्यास किती परत, परीक्षक कोण, विजेतीला पुढे कुठल्या स्पर्धेत पाठवतात. परदेशातल्या स्पर्धेचं नाव सांगितलं तर त्या स्पर्धेच्या संकेतस्थळावर भारताचे परवानाधारक म्हणून यांचंच नाव आहे का ते पडताळा. एकूण किती किताब वाटतात, तेही विचारा. तीस स्पर्धक आणि तीस मुकुट असतील तर ते दीड लाख कशाचे, ते तुम्हीच ठरवा.

जिंकल्यावर सही करायचा करारही आधीच मागून घ्या. त्यात मुदत, कामातला आयोजकांचा टक्का, प्रवासखर्च कुणाचा आणि मुकुट परत करायचा का, ही चार कलमं बघा. करार दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर पैसे भरू नका.