लॅक्स्टनला जाण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. ‘शेकडो वर्षं जसंच्या तसं राहिलेलं गाव’ हे पहिलंच वाक्य मी खोडलंय, राग मानू नकोस. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन, जिथं मध्ययुगासारखी बिनकुंपणाच्या मोठ्या रानांत पट्टे वाटून शेती अजून चालते, ते आपोआप राहिलेलं नाही. ते दर वर्षी राखावं लागतं. कोण राखतं, कशासाठी, आणि त्यावरून कोणाशी वाजतं, हे लिहिलंस तर तुझा प्रबंध उभा राहील.

पहिल्या फेरीत तुला तिथं काही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी मुलीकडे नॉटिंगहॅमला आलो होतो तेव्हा ऑगस्टात गेलो. तिनं गाडी थांबवली नि म्हणाली, “बाबा, हेच ते.” समोर गव्हाचं मोकळं रान. उभा जन्म भूकरमापक म्हणून बांधावरून साखळी ओढण्यात गेला, आणि इथं बांधच दिसेना! परतताना उजेड पडला. आजूबाजूच्या पॅरिशांत, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या गावशिवारांत, पट्टीनं आखल्यासारखी हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं आहेत, इथल्या मोठ्या रानांत ती नाहीत. 1604 ते 1914 या काळात संसदेनं 5,200 हून जास्त कायदे करून इंग्लंडमधल्या सुमारे 68 लाख एकर जमिनीला कुंपणं घातली. त्यात सामायिक चराई गेली, हक्काचं जळण गेलं, आणि ज्यांच्याकडे एखादी गायच होती त्यांची गायही गेली. म्हणून ती नेटकी हिरवी चौकट बघून भुलू नकोस.

लॅक्स्टनची तीन मोठी रानं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातली पेर, तिसरं पड. दर वर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी बारा ज्यूरर, म्हणजे गावचे पंच, ट्रॉलीत बसून गव्हाच्या रानात जातात, पट्ट्यांच्या टोकांना खुंट्या ठोकतात, आणि कोणाचा नांगर वाटेवर किंवा मधल्या गवताळ पट्टीवर चढलाय का ते बघतात. आपल्याकडे ज्याला बांध कोरणं म्हणतात, अगदी तोच गुन्हा. पुढच्या गुरुवारी डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं जमीनदारी न्यायालय, बसतं आणि दंड ठोठावतं. दंडाची रक्कम किरकोळ असते. पण चारचौघांत नाव वाचलं जातं, त्याचं काय? तुझ्या आराखड्यात या कोर्टाला दीड ओळ दिली आहेस. एक प्रकरण दे.

आता नकाशा. 1635 मध्ये मार्क पिअर्सनं केलेला तो नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर नांगरणारी, कापणी करणारी इवली माणसं काढलेली आहेत आणि बघणारा त्यांतच रमतो. मीही रमलो. पण तो काढून घेतला सर विल्यम कोर्टन या लंडनच्या व्यापाऱ्यानं, गावाचा मालक म्हणून. कोणाकडे किती जमीन, हे मालकाला कळावं यासाठीचा तो दस्त. आपल्या मोजणी खात्याचा नकाशाही काही निसर्गशोभेसाठी काढत नाहीत. शिवाय पिअर्सचे अरुंद पट्टे आज शोधायला गेलीस तर सापडणार नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एकत्र करून रुंद केले. 1952 मध्ये तेव्हाचे मालक अर्ल मॅनव्हर्स यांनी गाव कृषी मंत्रालयाला विकलं, 1981 मध्ये ते राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं, 2020 मध्ये थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे. ‘जसंच्या तसं’ म्हणायला जागा उरते का, तूच बघ.

जुनी नांगरट बघायची तर गवताच्या कुरणात जा, तेही सूर्य खाली असताना. जमिनीवर लाटा दिसतील, उलट्या एस आकारात किंचित वळलेल्या. बैलांची लांबलचक जोडणी टोकाला वळवायची तर आधीपासूनच कलावं लागे, त्याचं हे वळण. नांगराच्या एका तासाची लांबी म्हणजे फर्लांग, 660 फूट. 660 बाय 66 चा पट्टा म्हणजे एक एकर. आमची साखळी 33 फुटी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि असे 40 गुंठे त्या एकरात बसतात. हे जुळलं तेव्हा पबमध्ये एकटाच हसलो होतो.

एक चूक माझी, तुझी होऊ नये म्हणून. एका दुसऱ्या पॅरिशात मी कुंपणातल्या झाडांच्या जाती मोजल्या. 30 यार्डांत जितक्या जाती तितकी शतकं, असा मॅक्स हूपरचा ठोकताळा आहे. सात जाती निघाल्या, आणि मी ‘सातशे वर्षं’ असं ठासून लिहिलं. मग चर्चला द्यायच्या दशांशाविषयीच्या, 1836 च्या टाइद कायद्यानंतरचा नकाशा उघडला, तर तिथं कुंपणच नाही. लावणाऱ्यानं मिश्र रोपं लावली होती, एवढंच. जाती मोज, पण कागद बघितल्याशिवाय आकडा लिहू नकोस.

आणि शेतघरं कुठं आहेत ते टिपत जा. लॅक्स्टनमध्ये बरीचशी गावातच, रस्त्याकडेला आहेत, कारण पट्टे चहूकडे पांगलेले. कुंपणं घातलेल्या गावांत शेतकरी रानात राहायला गेला.

नोव्हेंबरातली तारीख आधी विचारून घे. गमबूट घे, तिथली चिकणमाती आपल्या काळ्या रानासारखीच बूट सोडत नाही. खुंटी ठोकताना कोण गप्प उभं राहतं, त्याच्याशी नंतर बोल.

तुझा,
काका