टीव्ही मालिकेत काय दाखवायचं हे सेन्सॉर बोर्ड ठरवतं का?

नाही. सेन्सॉर बोर्ड सिनेमाला प्रमाणपत्र देतं. मालिका प्रसारणाआधी कुठलंही सरकारी मंडळ तपासत नाही. १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याखाली कार्यक्रम संहिता आहे, ती पाळायची जबाबदारी वाहिनीची. अश्लीलता, धर्म-जातीवर हल्ला, स्त्रियांची बदनामी चालत नाही. पण कार्यक्रम ‘सुरुची’ला धरून हवा, असंही संहिता म्हणते; ही सुरुची म्हणजे काय, हे शब्दांत कसं बांधणार? खरा वाद तिथेच होतो.

म्हणून तक्रार करा, गप्प बसू नका. आमच्याकडे रात्री जेवताना सुनेला मारहाणीचा प्रसंग लागला आणि नातीने घास खाली ठेवला. मी वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, प्रसंग लिहून पाठवलं. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं.